दंड कर, पण पावती दे

"बाई, ओ बाई! ऐकायलात का? गायरानात फक्की पडलीय."

आक्कांची बातमी कुंपणापर्यंत नेहमी अर्धीच पोचते. उरलेली अर्धी हवी असेल तर आपण उठून जायचं. मी मेथीचं ताट घेऊनच गेले. कुंपण तरी कसलं, बोरी-बाभळीचे काटे, त्यावर चढलेली गुळवेल, आणि मधोमध आक्कांच्या शेळीनं स्वतःच्या सोयीसाठी पाडलेलं भगदाड.

"कसली फक्की?"

"रेघा हो, पांढऱ्या. काल दुपारी गाडी आलती. दोघं शहरातले, टोप्या घातलेले, अन् एक आपला." 'आपला' म्हणताना आक्कांनी हनुवटी सरपंचांच्या वाड्याकडे उडवली. नाव घेतलं नाही. आमच्या गावात नाव न घेता सांगितलेली गोष्टच खरी धरतात. "पुतन्या. तीन पायाचं यंत्र मांडलं, मोजलं, खुंट्या ठोकल्या. माझ्या तुरीच्या दोन तासा खुंट्यांच्या आत गेल्या. म्या इचारलं, काय करायलात रं? तर म्हने, मावशी, सोलार येनार हाय, आता मोटार दिवसा चालंल. म्हनलं बाबा, मला मोटारच न्हाई."

मोटार नाही कारण विहीर नाही, विहीर नाही कारण सातबारा नाही. आक्का त्या रानात बत्तीस-तेहतीस दिवाळ्या राबल्या असतील, पण कागदावर ते रान गावाच्या गुरांचं. सौरवाहिनीची माणसं मात्र काही अशीच हवेतून आली नव्हती. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दोन, २०२३ सालची. शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, त्यासाठी उपकेंद्राच्या आसपासच्या जमिनीवर सौरपट्ट्या उभारायच्या. योजना वाईट आहे असं कोण म्हणेल? रात्री दोन वाजता पाणी धरायला गेलेल्या माणसाला विचारा, साप-विंचवाची यादी देईल तो. प्रश्न जमिनीचा आहे. ती पहिल्यांदा कुठली घ्यायची, तर सरकारी. आणि गावात सरकारी म्हणजे गायरान.

"सरपंच लै खुशीत हाय म्हनं," आक्का म्हणाल्या. "पेढे वाटले काल पारावर."

"खुशीत असणारच. असा प्रकल्प झाला की ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं."

"तीन वर्सं? मग विलेक्शन कधी हाय?"

हा हिशेब मला सुचला नव्हता.

थोड्या वेळानं आक्का घरात गेल्या आणि ट्रंक घेऊन आल्या. कुंपणाच्या या बाजूला मी स्टूल ओढलं. ही ट्रंक मी ओळखते. लग्नातली, पत्र्याची, झाकणावर कमळ काढलेली. वर्षातून एकदा तरी ती आमच्या मधे उघडते आणि मला त्यातले कागद मोठ्यानं वाचून दाखवावे लागतात. आक्कांना ते पाठ आहेत. मी एखादी ओळ गाळली तर लगेच बोट ठेवतात.

वर एक साडीच्या दुकानाची पिशवी. त्यात पिवळ्या पडलेल्या पावत्या, शिळ्या भाकरीगत कडांना मोडणाऱ्या. प्रत्येक पावतीवर आक्कांच्या सासऱ्यांचं नाव, गट नंबर, आणि पुढं तलाठ्याच्या घाईच्या अक्षरात 'सरकारी जमिनीत बिनपरवाना वहिती, दंड'. रक्कम किरकोळ. त्याखाली एक पंचनामा. चतुःसीमा लिहिलेला कोपरा उंदरानं खाल्लाय, त्यामुळं पूर्वेला ओढा आहे आणि पश्चिमेला काहीच नाही. त्याखाली फौजदारीचं समन्स. सगळ्यात तळाला, प्लॅस्टिकच्या कव्हरात, २०२२ ची अतिक्रमण काढायची नोटीस.

"ही कशाला जपून ठेवलीत?"

"आसं काय इचारता? तारीख हाय तिच्यावर. आम्ही तवा हितंच व्हतो म्हनून सरकारच सांगतंय न्हवं?"

साध्या माणसाच्या घरात खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र असतं. गायरानातल्या माणसाच्या घरात गुन्ह्याचे पुरावे असतात, आणि तेच त्याचं धन. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन, मागासवर्गीय माणसांनी शेतीसाठी सरकारी पडीक-गायरानात केलेली अतिक्रमणं नियमित करायची. त्याआधीच्या लोकांसाठी १९७८ च्या डिसेंबरातला निर्णय होता. १४ एप्रिल १९९० ही तारीख आमच्या वस्तीत लहान पोरालाही सांगावी लागत नाही, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष त्या दिवशी लागलं. पण निर्णयाचा खरा चटका पुढं होता. तुम्ही त्या तारखेआधी जमीन कसत होतात हे दाखवा. कशानं दाखवणार? तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई असतो, अतिक्रमणांची नोंदवही. त्यात नाव हवं. नाहीतर दंडाची पावती, पंचनामा, खटला. म्हणजे तुम्हाला कधीतरी पकडलेलं असायला हवं.

"आमचे मामंजी लै हुशार," आक्का म्हणाल्या. हे वाक्य त्या दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी पदर सावरून म्हणतात. "तलाठी यायचा पाह्यनीला. त्याचा रेट ठरल्याला व्हता, धा रुपये. धा रुपये दिले की वहीत नाव चढवीत न्हवता. समदे द्यायचे. कोनाला दंड नको, कोर्ट नको. मामंजी म्हनायचे, साहेब, दंड करा, दुप्पट करा, पन पावती द्या. तलाठी वैतागायचा. म्हनायचा, आरं म्हाताऱ्या, वेडा हाय का? लोक नाव काढायला पैशे देतेत अन् तू घालायला लावतूस! मामंजी त्याला चा पाजायचे, बाज टाकायचे, पन सही घेतल्याबिगर सोडायचे न्हाईत."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे हुशार ठरले चार वर्सं. मग सरकारचा कागद आला तव्हा हुडकीत फिरले, कोन आमच्यावर केस घालतंय का म्हनून." आक्का खो खो हसल्या. "ते पल्याडच्या आळीतले... जाऊ द्या, नाव नको, त्यांची सून दळन घेऊन येती माझ्याकडं. ते तर तहसीलात जाऊन म्हनले, साहेब, मागच्या तारखेचा दंड करता का!"

म्हातारा उगीच शहाणा झाला नव्हता. ६ डिसेंबर १९६४ ला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला तेव्हा हा विशीतला गडी होता. लाखो माणसं तुरुंगात गेली त्या वेळी, देशभर. हाही गेला. मागणी साधी होती, पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. तुरुंगातून तो दोन गोष्टी घेऊन आला असं आक्का सांगतात, एक सहीपुरती अक्षरओळख आणि दुसरी कागदाची भीती मोडलेली. पुढं मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून गायरानाचा लढा उभा केला, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्यांत माणसं औत घेऊन गायरानात शिरली. आमच्या गावातही. पण आक्कांचे सासरे त्याआधीच शिरले होते. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायची सवय झालेली, तीच त्या माळावर कामी आली. धोंडे वेचून जो बांध घातला तो अजून आहे. शहरातली कुणी पाहुणी आली की आक्का तिला आधी बांध दाखवतात, मग घर.

"पयल्या साली बाजरी टाकली. कनसं भरली अन् एका रातीत दावनच्या दावन सोडली रानात. सकाळी बगतो तर नुसते बुडखे. कुनाची जनावरं ते समद्या गावाला ठावं."

"मग?"

"मग काय, मामंजी गेले पोलिसात. फौजदार म्हनला, जमीन कुनाची? मामंजी म्हनले, सरकारची. फौजदार म्हनला, मग पीक कुनाचं? झालं, आमच्यावरच केस. ते समन्स हाय बगा ह्यात." आणि मग डोळा बारीक करून, "पन कामाला आलं बगा."

एवढं सगळं असून पट्टा मिळाला नाही. वस्तीतल्या काही घरांना मिळाला, आक्कांचा प्रस्ताव तहसीलातून वर गेला आणि त्रुटी लागून परत आला. गटाच्या आकड्यात शेजारच्या गटाचा आकडा पडला होता. दुरुस्ती करून पुन्हा गेला, तोवर साहेब बदलले. नव्या साहेबांनी ग्रामसभेचा ठराव मागितला. ग्रामसभेत बसणार कोण? ज्यांची दावण बाजरीत सुटली होती तेच. असं करत करत २०११ उजाडलं आणि दारच लावून घेतलं.

हे २०११ चं प्रकरण मी आक्कांना समजावत होते तेवढ्यात आबा आले. आबा म्हणजे वाडीवरचे, शेळ्या-मेंढ्या राखणारे. त्यांना आमच्या गप्पांचा वास लागतो. काठीवर हनुवटी टेकून ते शेळीच्या भगदाडापाशी उभे राहिले.

"गायरान जित्राबांचं," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "कोर्टानंच सांगितलंय, मोकळं करा म्हनून."

"आबा, तुमची मेंढरं माझ्या तुरीत शिरतेत तव्हा कोर्ट कुटं असतंय?" आक्का.

भांडण जुंपायच्या आधी मी मधे पडले. पंजाबातल्या पतियाळा जिल्ह्यातलं एक गाव, तिथल्या तळ्यावर लोकांनी भराव घालून घरं बांधली. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २८ जानेवारी २०११ ला निकाल लागला, जगपालसिंग विरुद्ध पंजाब सरकार. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यावरून महाराष्ट्रानं १२ जुलै २०११ ला निर्णय काढून गायरान द्यायचं जवळपास थांबवलं. आबा म्हणतात ते इथवर बरोबर. पण त्याच निकालात एक अपवाद आहे आणि तो कुणी पारावर वाचून दाखवत नाही. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सरकारी निर्णयानं पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जागेवर आधीच शाळा, दवाखाना असं काही सार्वजनिक असेल, तर नियमित करायला मोकळीक ठेवलेली आहे.

"म्हंजी मी बसते का त्यात?"

"पट्टा मिळाला असता तर सरळ बसला असतात. आता भांडून बसावं लागेल."

आबा गप्प झाले नाहीत. त्यांचंही ऐकायला हवं, आणि मी ते मुद्दाम ऐकते, कारण वस्तीतली बाजू घेणारे आम्ही शिकलेले लोक आबांसारख्यांना पटकन विसरतो. त्यांची मेंढरं पूर्वी ज्या माळावर चरत तिथं एका बाजूला वस्तीची शेतं झाली, दुसरीकडे वीटभट्टी, तिसरीकडे खडीचं क्रशर, आणि उरलेल्यावर वेडी बाभळ. दिवाळीनंतर ते खाली नदीकाठच्या रानांकडे मेंढरं बसवायला जातात, पण पावसाळ्यात काय? "मला सातबारा नको," आबा म्हणाले. "जाग्यावर चार बोटं गवत पाह्यजे. ते आक्कानं खाल्लं न्हाई, मला ठावं हाय. पन इचारायला मला आक्काच सापडती, भट्टीवाल्याच्या दारात कुत्रं बांधल्यालं असतंय."

एवढं बोलून त्यांनी तंबाखू मळली. आक्कांनी न बोलता चुन्याची डबी पुढं केली.

२०२२ ची नोटीस अशीच आली होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून हा विषय हातात घेतला, राज्यात गायरानावर दोन लाखांच्या वर अतिक्रमणं आहेत असं समोर आलं, आणि ऑक्टोबरात आदेश निघाला की वर्ष संपायच्या आत काढा. नोव्हेंबरात कोतवाल घरोघर फिरला. वस्तीत त्या रात्री चुली पेटल्या नाहीत, असं मी म्हटलं तर आक्का चिडतील. पेटल्या होत्या, त्यांनी पिठलं केलं होतं आणि मला वाटीभर दिलंही होतं. पण आठ दिवस कुणी उसाला गेलं नाही. एरवी त्या दिवसांत निम्मी वस्ती मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर असते. गंमत अशी की ग्रामपंचायतीचं ऑफिसही गायरानातच उभं आहे. ग्रामसेवकानं नोटीस बजावताना सगळ्यात आधी स्वतःच्या ऑफिसच्या दारावर चिकटवायला हवी होती. भट्टीवाला त्या दिवशी गावात नव्हता. क्रशरवाल्याचं लग्न होतं कुठंतरी. पुढं गोंधळ वाढला, पुढारी घाबरले, आणि कारवाई जिथल्या तिथं थांबली. कागद मात्र ट्रंकेत राहिला.

"पट्टा मिळाल्याल्यांचं तरी काय सोनं झालं?" आक्का एकदम म्हणाल्या. ट्रंक उघडली की हा विषय येतोच, कारण त्यात थोडा मत्सर आहे आणि त्या तो लपवत नाहीत. "आमच्या मागच्या गल्लीतल्यानं काय केलं? पोरीच्या लग्नाला शंभराच्या बाँडवर रान दिलं लिहून. नोटरी केली. सातबाऱ्यावर नाव याचंच, कसतोय तो. आता रोडला लागून भाव आला, तर पोरं म्हनतेत आमचं रान द्या. तो म्हनतो आधी पैशे द्या. दोघंबी तहसीलात जाऊ शकत न्हाईत, गेले की दोघांचंबी जातंय."

असं सर्रास आहे. सरकारनं दिलेली जमीन भोगवटादार वर्ग-२, नव्या शर्तीची. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, विकली तर शर्तभंग, आणि शर्तभंग झाला की जमीन परत सरकारजमा. अट घातली ती गरिबाच्या हातातून जमीन निसटू नये म्हणून, हे मला मान्य आहे. ती नसती तर ही सगळी रानं दहा वर्षांत सावकाराच्या नावावर झाली असती. पण अट असूनही ती जातात, फक्त चोरून जातात, आणि चोरून विकायच्या वस्तूला भाव कधीच पुरा येत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो थांबू शकतो. २०१९ मध्ये नियम आले, नजराणा भरा आणि वर्ग-२ ची वर्ग-१ करून घ्या. बाँडवर रान घेतलेला माणूस मूळ मालकाच्याच नावानं नजराणा भरायला तयार असतो, वर त्याला साडी-चोळी करतो. मागच्या गल्लीत तेच शिजतंय, असा आक्कांचा वहीम. माझाही.

जमीन द्यायच्या तऱ्हा तरी किती. माझी पहिली नोकरी रायगडात होती, तिथं डोंगरउतारावर ठाकर-कातकऱ्यांच्या दळी जमिनी पाहिल्या. ब्रिटिशांच्या वेळेपासून नाचणी-वरी पिकवायला दिलेल्या, कागदावर एका नाईकाचं नाव आणि मागं सगळा पाडा. खानदेशात जंगलाच्या कडेला एकसाली प्लॉट, दर वर्षी नव्यानं परवानगी, म्हणजे झाड लावायचं तर पुढच्या साली ते आपलं असेल का याचा भरवसा नाही. वनहक्क कायदा २००६ ला आला तेव्हा तिथल्या लोकांना निदान दावा करायला जागा मिळाली. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा, कमाल ४ हेक्टर, आणि पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव.

"दोगांचं?" आक्कांनी मला तिथंच अडवलं. "कायद्यानंच?"

"कायद्यानंच. पण ते वनजमिनीला. गायरानाला नाही."

"जंगलातल्या बाया बऱ्या म्हनायच्या."

आक्कांच्या नावावर काय आहे, तर गॅसची टाकी आणि बचत गटाचं पासबुक. पावत्या सासऱ्यांच्या. ते वारले, मालकही चार वर्षांपूर्वी गेले. जमीन नांगरतात आक्का, पेरतात आक्का, आणि विकायची वेळ आली की सातबारा दुसऱ्याचा. कापूस सरकारी केंद्रावर घालायचा तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते. नोंद करायची ई-पीक पाहणीत, मोबाईलवर, आणि त्या मोबाईलात खातेदाराचं नाव शोधलं तर 'सरकार' येतं. मग गावातला व्यापारी दारात काटा लावतो आणि हमीभावापेक्षा पडून भाव देतो. किंवा एखादा ओळखीचा बागायतदार स्वतःच्या सातबाऱ्यावर माल घालून देतो आणि क्विंटलमागं कापून घेतो. गारपीट झाली तर पंचनाम्यात नाव नाही. पीककर्ज नाही. पीएम-किसानचे आणि नमोचे मिळून वर्षाला १२ हजार, तेही नाहीत.

"आन् इम्याचं सांगा की बाईंना," आबांनी काडी टाकली.

विम्याचं प्रकरण असं. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला. आक्का रुपया घेऊन केंद्रावर गेल्या, सातबारा नाही म्हणून परत आल्या. पुढं पेपरात बातम्या यायला लागल्या की बोगस विमे उतरलेत, सरकारी जमिनीवर, गायरानावर, मंदिराच्या जागेवर, आणि त्यात आमचा जिल्हा पुढं. आक्कांना कुणीतरी सांगितलं की त्यांच्याच गटावर कुठल्या तरी परक्या माणसाच्या नावानं सोयाबीन विमावलंय. खरं-खोटं आम्हाला कळलं नाही. आक्कांनी मात्र ते जसंच्या तसं धरून ठेवलंय.

"ज्यानं माझं रान कधी बगितलं न्हाई त्याचं सोयाबीन त्यात उगवलं! अन् माझी तूर उभी व्हती ती सरकारला दिसली न्हाई. ती योजना बी आता बंद पडली म्हनं. पडू द्या."

मग सौरचं भाडं निघालं, आणि इथं माझ्याकडून जरा आगळीक झाली म्हणा. सांगायला नको होतं ते आकड्यासकट सांगितलं. खासगी शेतकऱ्यानं आपली जमीन या योजनेला भाड्यानं दिली तर त्याला वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार, दर साली त्यावर ३ टक्के वाढ.

आक्का गप्प बसून बोटांवर मोजायला लागल्या. त्यांचं रान दोन एकर, म्हणजे हेक्टरला थोडं कमी. "म्हंजी लाखभर? घरी बसून?"

"जमीन तुमच्या नावावर असती तर."

"अन् सरकारची जमीन घेतली तर सरकारला किती?"

"वर्षाला एक रुपया. नाममात्र."

आबांनी तोंडातली तंबाखू थुंकली. आक्का काही क्षण माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू तो रुपया मीच ठरवला.

"आमचे मामंजी ह्याच्याहून जास्ती दंड भरीत व्हते," त्या म्हणाल्या. "मोजा की. ह्यातली एक पावती काढा, एका सालाची. रुपयाहून कमी हाय का? सालाला एक रुपया देनाऱ्याला सरकार पाहुना म्हनतंय अन् आम्ही चोर."

मी भाजीचं ताट खाली ठेवलं. माझी कायद्याची अक्कल तलाठी ऑफिसाच्या व्हरांड्यापुरती, पण एवढं कळतं की आक्कांचं हे वाक्य अर्जात जसंच्या तसं लिहिलं तरी चालेल. भूमिहीनाला जमीन देताना सरकारकडे गायरान शिल्लक नसतं, गुरांची चिंता असते, न्यायालयाचा निकाल असतो. म्हणून तर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्याच नावानं योजना काढली, ४ एकर जिरायत नाहीतर २ एकर बागायत, आणि ती जमीन विकत घ्यायला सरकार जिरायतीला एकरी ५ लाखांपर्यंत, बागायतीला ८ लाखांपर्यंत मोजतं. त्या भावात रस्त्याकडेला जमीन कोण देतो? देणारा खडक देतो. इथं मात्र कसून तयार केलेलं रान आहे, कसणारी बाई आहे, सरकारच्याच सहीच्या पावत्या आहेत, सरकारनं एक पैसा न घालता हे काम होऊन बसलंय, फक्त सही राहिलीय. आणि त्याच रानावर आता खुंट्या.

"पुन्याहून जावेचा फोन आलता," आक्कांनी आवाज खाली आणला. खरी बातमी बहुधा हीच होती, बाकी सगळं तिच्या वाटेतलं. "सात-आठ वर्सांत पयल्यांदा. आधी माझ्या गुडघ्याचं इचारलं. मग शेळीचं इचारलं. मग म्हनली, ताई, सोलारवाले नुसकानभरपाई देनारेत म्हनं, पावत्या तर मामंजींच्या नावानं, आमचाबी वाटा निघतोय की."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं निघतोय की. ये अन् आधी तुझ्या वाट्याचे धोंडे येच."

आबा एवढ्या जोरात हसले की शेळी दचकून भगदाडातून माझ्या अंगणात आली आणि मेथीवर तोंड टाकलं. तिला हाकलून आम्ही अर्जाला बसलो. कुणाच्या नावानं लिहायचा यावर वाद झाला. आबांचं म्हणणं सासऱ्यांचे वारस म्हणून सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर पुढं भावकीच खोडा घालील. कायद्यानं आबाच बरोबर असतील. पण २०२२ ची नोटीस काढून बघितली तर त्यावर कोतवालानं 'ताब्यात' या शब्दापुढं आक्कांचं नाव लिहिलेलं, पूर्ण, आडनावासकट. मालक हयात नव्हते म्हणून त्यानं तसं लिहिलं असेल, किंवा दारात त्याच उभ्या होत्या म्हणून. आक्कांनी तो कागद माझ्या हातातून काढून घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे माझं नाव हाय न्हवं?"

"तुमचंच."

"मग माझ्याच नावानं लिवा. जावेला लै वाटलं तर येईल ती, तिचाबी लिवू."

अर्ज तहसीलदारांना, प्रत ग्रामपंचायतीला. सौरप्रकल्पाच्या जागेला हरकत, सोबत पावत्यांच्या झेरॉक्स, पंचनाम्याची झेरॉक्स, समन्सची, नोटिशीची. प्रस्ताव कुठल्या साली गेला ते सालही घातलं. आबांनी आपणहून सांगितलं की त्यांचाही एक वेगळा लिहा, चराईसाठी राखलेला तुकडा सोडून प्रकल्प करा म्हणून, आणि त्यात भट्टी नि क्रशर दोन्हींचा गट नंबर घाला. अंगठा ते देतील. आक्कांनी भुवया उंचावल्या, पण हरकत घेतली नाही. त्यांच्या अर्जात गवताचं नाव नव्हतं, ते नंतर एका ओळीत घातलं.

"मंगळवारी साहेब बसतेत," आक्का ट्रंक बंद करत म्हणाल्या. "मूळ कागद द्यायचे न्हाईत, नुसत्या झेरॉक्स. अन् पोच घेतल्याबिगर उठायचं न्हाई, सही-शिक्क्याची. तो कारकून उद्या या म्हनतोय, म्हनू द्या. तिथंच बसायचं. तुम्ही येताव न्हवं? डबा मी करते दोघींचा. ठेचा चालतोय का तुम्हाला, का पित्त हुतंय?"